लहान गावातल्या बाप्टिस्ट चर्चचा उन्हाळा: नव्याने आलेल्या मराठी घरांसाठी

आमच्या गावात सिग्नल तीन आणि बाप्टिस्ट चर्चं अकरा. नॉर्थ कॅरोलायनातलं, डोंगरपायथ्याचं गाव. नवऱ्याला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून आलो. मी मूळची नगरची (आता अहिल्यानगर, पण जीभ वळत नाही), तिथल्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीत वाढलेली. त्यामुळे चर्च मला नवं नव्हतं. तरीही पहिल्या उन्हाळ्यात मी जेवढी गांगरले तेवढी इथल्या इन्कम टॅक्सच्या फॉर्मपुढेही गांगरले नाही. कारण इथे कुणी काही समजावून सांगत नाही. सगळे याच गावात जन्मलेले, सगळ्यांना सगळं आधीच ठाऊक. पंगतीत पहिला घास कधी घ्यायचा हे आपण तरी पाहुण्याला कुठे सांगतो?

हे लिहितेय ते दोन प्रकारच्या घरांसाठी. एक, माझ्यासारखी ख्रिस्ती मराठी माणसं, जी नव्या गावात मंडळी शोधतायत. दुसरी, हिंदू, बौद्ध, जैन घरं, ज्यांच्या मुलाला जूनमध्ये शाळासोबत्याकडून ‘व्हीबीएस’चं, म्हणजे चर्चमधल्या उन्हाळी वर्गाचं, रंगीत पत्रक मिळतं आणि मग रात्री नवराबायकोत चर्चा होते, पाठवायचं का? दोघांच्या अडचणी वेगळ्या, पण ठेचा बऱ्याचशा त्याच ठिकाणी लागतात.

१. आधी पाटी नीट वाचा

‘बाप्टिस्ट’ ही एक संस्था नाही. आपल्याकडे बिशप असतात, डायोसिस असतो, पाळकसाहेबांची बदली होते. इथे प्रत्येक चर्च आपल्या घरचा राजा. पास्टर कोण, पगार किती, छत कधी दुरुस्त करायचं, सगळं मंडळी मतदानाने ठरवते. म्हणून ‘पलीकडच्या चर्चमध्ये तर असं चालतं’ या वाक्याला इथे काही किंमत नाही.

पाटीवर काय लिहिलंय त्यावरून थोडा अंदाज येतो. आमच्या भागात बहुतेक चर्चं सदर्न बाप्टिस्ट. हा संघ १८४५ मध्ये जॉर्जियातल्या ऑगस्टा गावी वेगळा निघाला, आणि भांडण गुलामगिरीवरून होतं: गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमायचं की नाही. त्याबद्दल संघाने जाहीर माफी मागितली ती १९९५ मध्ये. कृष्णवर्णीय बाप्टिस्टांचे संघ निराळे आहेत, त्यांचं नॅशनल बाप्टिस्ट कन्व्हेन्शन १८९५ चं. लहान गावात रविवारी अकरा वाजता हे निराळेपण उघड्या डोळ्यांनी दिसतं. मला ते अजून खटकतं, पण तुम्हाला आधी माहीत असलेलं बरं. ‘फ्री विल’ लिहिलेलं असेल तर तिथे एकमेकांचे पाय धुण्याचा विधी असतो. ‘प्रिमिटिव्ह’ असेल तर सहसा संडेस्कूलच नसतं, म्हणजे मुलांसाठी उन्हाळी वर्गही नाही. ‘इंडिपेंडंट’ असेल तर बायकांनी पँट घातलेली चालते का, हे आधी विचारून घ्या.

वेबसाइटवर विसंबू नका. आमच्या चर्चच्या वेबसाइटवर तीन वर्षांपूर्वीचा नाताळ अजून चालू आहे. ऑफिसात सकाळी फोन करा, बहुधा एक वयस्कर सेक्रेटरीबाई उचलतील. त्यांना चार गोष्टी विचारा: रविवारच्या वेळा उन्हाळ्यात बदलल्यात का, बुधवारचं जेवण आणि प्रार्थनासभा चालू आहे की सुट्टी, व्हीबीएस कुठल्या आठवड्यात, आणि होमकमिंग (गाव सोडून गेलेले परत येतात तो रविवार) कधी. या चार तारखा कॅलेंडरवर लिहिल्या की उन्हाळ्याचा सांगाडा तुमच्या हातात आला.

२. पहिला रविवार

बाहेर ३२-३३ अंश असतं, आत एसीने फ्रीज केलेला असतो. सुती कपडे घाला आणि बरोबर एक स्वेटर ठेवा. साडी, सलवार-कमीज काहीही चालतं. उलट कौतुकच होतं. मुलांनी मोठ्यांना नावाने हाक मारायची नाही, बाईंच्या पहिल्या नावाआधी ‘मिस’ लावायचं. लग्न झालंय का, नातवंडं किती, याच्याशी संबंध नाही. आपली ‘मावशी’च ती.

पावणेदहाच्या सुमारास संडेस्कूल, अकराला उपासना. संडेस्कूल फक्त मुलांचं नसतं, मोठ्यांचेही वर्ग असतात, आणि ओळखी तिथेच होतात. अर्पणाची थाळी फिरते. पाहुण्याने काही टाकलंच पाहिजे असं नाही. प्रभुभोजनात वाइन नसते, इवल्याशा प्लास्टिकच्या पेल्यात द्राक्षाचा रस असतो.

आता सापळा. शेवटच्या गीताच्या वेळी पास्टर खाली उतरून समोर उभे राहतात आणि म्हणतात, ज्यांना यायचंय त्यांनी पुढे या. माझ्या नवऱ्याला वाटलं, आपल्याकडे उपासनेनंतर पाळकसाहेबांशी हात मिळवतात तसंच असेल. तो सरळ पुढे गेला. इथे पुढे जाणं म्हणजे ‘मी प्रभूचा स्वीकार करतो’ किंवा ‘मला सभासद व्हायचंय’ असं जाहीर सांगणं. पास्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारलं, तो म्हणाला, “नाही नाही, फक्त प्रवचन छान झालं.” पुढच्या बाकावर कोणीतरी खोकल्याचं सोंग घेतलं. हात मिळवायचे असतील तर थांबा. उपासना संपली की पास्टर दाराशी उभे असतात.

३. व्हीबीएस: मुलांना पाठवण्याआधी

व्हेकेशन बायबल स्कूल. मंडळीत वाढलेल्यांना मे महिन्यातला आपला व्हीबीएस आठवेल, मूळ तेच. याची एक सुरुवात सांगतात ती १८९८ ची, न्यूयॉर्कची. सुट्टीत रस्त्यावर भटकणाऱ्या गरिबांच्या मुलांसाठी एका बाप्टिस्ट बाईंनी वर्ग काढला, आणि जागा मिळेना म्हणून भाड्याने घेतला बिअरचा गुत्ता. आमच्या चर्चमध्ये बिअरचं नाव काढलं तरी भुवया वर जातात, म्हणून ही गोष्ट मला फार आवडते.

स्वरूप साधारण असं: सोमवार ते शुक्रवार पाच दिवस, सकाळी तीन तास किंवा संध्याकाळी अडीच. चार वर्षांच्या मुलापासून पाचवी-सहावीपर्यंत. फी नाही. रोज गाणी, बायबलमधली गोष्ट, हस्तकला, मैदानी खेळ आणि खाऊ. सुरुवातीला मुलं रांगेने तीन गोष्टी आत आणतात: अमेरिकेचा झेंडा, पांढरा ख्रिस्ती झेंडा (कोपऱ्यात निळ्या चौकोनावर लाल क्रूस) आणि बायबल. तिन्हींसमोर प्रतिज्ञा म्हणतात. तुमच्या मुलाने गप्प उभं राहिलं तरी कुणी रागावत नाही, पण घरी आधी सांगून ठेवा, नाहीतर पोर बावरतं.

नोंदणीच्या कार्डावर हे लागतं:

– मुलाचं नाव, जन्मतारीख, आता कितवी संपली
– ॲलर्जी. शेंगदाणा, अंडं, दूध, जे असेल ते ठळक लिहा. ‘शाकाहारी’ एवढं लिहून भागत नाही. ‘चिकन नको, मासे नकोत, बेकन नको, जिलेटिन नको’ असं फोडून लिहा (बेकन म्हणजे डुकराचं मांस, जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्याचं)
– घ्यायला कोण येणार त्यांची नावं. यादीत नाव नसेल तर सख्ख्या आजोबांच्या ताब्यातही मूल देत नाहीत, आणि ते योग्यच आहे
– फोटो छापायला परवानगी आहे की नाही
– दोन फोन नंबर

कार्डावर ‘तुमचं चर्च’ असाही एक रकाना असतो. तो रिकामा ठेवलात तर पुढच्या आठवड्यात पास्टर आणि एखाद्या मावशी घरी केक घेऊन येणार हे समजून चाला. माणसं चांगली असतात, केकही. फक्त घरात पसारा असेल तर तयारीत राहा.

आता हिंदू किंवा इतर घरांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. हे समर कॅम्प नाही, धर्मशिक्षण आहे, आणि ते लपवतही नाहीत. आठवड्याच्या मध्यावर, बहुधा बुधवारी-गुरुवारी, पास्टर मुलांना तारणाचा, म्हणजे पापातून सुटकेचा, अर्थ सांगतात: पाप मान्य कर, येशूवर विश्वास ठेव, तोंडाने कबूल कर. मग विचारतात, कुणाला याबद्दल बोलायचंय? आठ वर्षांचं पोर शेजारच्याने हात वर केला म्हणून आपलाही करतं. घरी येऊन सांगतं, “आई, मी निर्णय घेतला.” आणि आईच्या हातातलं लाटणं खाली.

माझ्या सांगलीच्या एका मैत्रिणीने यावर साधा उपाय केला. पहिल्याच दिवशी ती व्हीबीएसच्या प्रमुख बाईंना भेटली आणि म्हणाली, “आमचं घर हिंदू आहे. गाणी, गोष्टी, खेळ सगळं चालेल. पण निर्णयाची गोष्ट निघाली तर आधी मला फोन करा.” त्या बाईंनी तिच्यासमोर कार्डावर लिहून घेतलं आणि शब्द पाळला. मी ख्रिस्ती असूनही सांगते, हे बोलायला लाजू नका. आणि तेवढंही नको वाटत असेल तर पाठवू नका. गावच्या लायब्ररीतही उन्हाळ्यात मुलांचे मोफत कार्यक्रम असतात. आत पाठवायचं आणि नंतर ‘धर्म शिकवला’ म्हणून चिडायचं, हे काही खरं नाही.

शेवटचा दिवस चुकवू नका. आमच्याकडे आठवडाभर मुलगे विरुद्ध मुली अशी नाण्यांची स्पर्धा असते. दोन बादल्या, रोज तराजूवर वजन. पैसे कुठल्यातरी मिशनकार्याला जातात. मुली जिंकल्या तर पास्टरांच्या तोंडावर क्रीमने भरलेली ‘पाय’ची (इथल्या गोड पदार्थाची) थाळी मारायची, असं ठरलेलं. गेल्या वर्षी मुलींच्या बादलीत कोणीतरी आजीचा अख्खा पेनीचा डबा ओतला. शुक्रवारी साडेसहा फूट उंचीचे आमचे पास्टर खुर्चीवर बसले, गळ्याला कचऱ्याची काळी पिशवी बांधलेली, आणि पाच वर्षांची एक चिमुरडी दोन्ही हातांत ॲल्युमिनियमची थाळी धरून उभी. तिला मारवेना. शेवटी तिने ती थाळी हलकेच त्यांच्या गालाला टेकवली, जसं आपण हळद लावतो.

४. मदतीला उभं राहायचं असेल तर

लहान चर्चमध्ये माणसं कायम कमी पडतात. तुम्ही ‘काही मदत करू का’ म्हणालात की कामाला जुंपले गेलात. उन्हाळा यासाठी उत्तम, कारण ओळख हातात काम असताना पटकन होते. पण दोन नियम पक्के: मुलांच्या वर्गात कधीही एकटं मोठं माणूस थांबत नाही, किमान दोघं हवीत, आणि मुलांबरोबर काम करणाऱ्याची पार्श्वभूमी तपासतात.

या तपासणीच्या फॉर्मवर सोशल सिक्युरिटी नंबर मागतात. एच-४ वर (नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर) आलेल्या आणि कामाची परवानगी नसलेल्या बायकांकडे तो सहसा नसतो. माझ्याकडे नव्हता. मी तो रकाना मोकळा ठेवून दिला, आणि दोन आठवडे कुणी काहीच कळवलं नाही. मला वाटलं, नको असेन मी त्यांना. खरं कारण असं की फॉर्म संगणकाने परत पाठवला होता आणि सेक्रेटरीबाई विसरल्या होत्या. तेव्हा फॉर्म देतानाच सांगा, नंबर नाही. मग तुम्हाला स्वयंपाकघरात किंवा हस्तकलेचं सामान कापायला घेतील. एका बैठकीत साठ कोकरांना कापसाचे गोळे चिकटवण्याइतकी शांतता मला दुसरीकडे कुठे मिळाली नाही. आणि कामाबद्दल कुणी मानधन देऊ केलं तर कामाची परवानगी नसलेल्या एच-४ वाल्यांनी ते घेऊ नये.

५. झाकलेली थाळी, म्हणजे पॉटलक

उन्हाळ्यात पॉटलक कशावरूनही निघतं. चार जुलैच्या आसपासचा रविवार, पदवीधर झालेली मुलं, कुणाचा निरोप, काहीही. बुलेटिनमध्ये ‘कव्हर्ड डिश’ लिहिलेलं असेल तर एक पदार्थ घेऊन जायचं.

माझी पहिली चूक प्रमाणाची. साठ माणसं म्हणजे साठांचा स्वयंपाक, ही आपली पंगतीची बुद्धी. मी दोन मोठी पातेली साबुदाण्याची खिचडी केली. गरम असताना मऊ, हॉलमध्ये पोचेपर्यंत रबर. लोक सौजन्याने एकेक चमचा घेत होते आणि मी दोन पातेली तशीच परत आणली. इथे प्रत्येकाने आपल्या घराला पुरेल त्याहून थोडं जास्त आणायचं असतं, बस्स. नऊ बाय तेरा इंचांचं ओव्हनचं भांडं हे इथलं माप आहे.

दुसऱ्यांदा मी शिरा केला. साजूक तूप, बेदाणे, वेलची. भांडं मदतनीस बाईंच्या हातात दिलं आणि मुलांना शोधायला गेले. परत येऊन बघते तर शिरा तळलेल्या चिकनशेजारी! इथे ग्रिट्स नावाचा मक्याच्या रव्याचा पदार्थ असतो, दिसायला हुबेहूब, पण खारट, लोणी किंवा चीज घातलेला. एका आजोबांनी मोठा डाव भरून वाढून घेतला, वर मिरपूड भुरभुरवली, तोंडात घातला आणि थांबले. मी जीव मुठीत धरून बघत होते. त्यांनी मिरपूड बाजूला सारली आणि पुन्हा रांगेत उभे राहिले. तेव्हापासून मी चिठ्ठी लावते: नाव, गोड की तिखट, सुकामेवा आहे की नाही.

काय चालतं: जिरा राइस, कमी तिखट बटाट्याची भाजी, कोथिंबिरीच्या वड्या (या सगळ्यात आधी संपतात), शिरा, शेवयांची खीर. काय नको: जे गरमच चांगलं लागतं ते, आणि हाडांचा रस्सा, कारण कागदी ताटलीत तो मावत नाही.

शाकाहाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. टेबलावरची हिरवी फरसबी दिसायला निरागस असते, पण बहुतेकदा डुकराच्या चरबीचा किंवा हाडाचा तुकडा घालून तासभर शिजवलेली. कोलार्डचा पाला तसाच. कॉर्नब्रेडच्या तव्याला बेकनचं तेल असू शकतं, ‘पाय’च्या कडांत लार्ड, म्हणजे डुकराची चरबी. थरथरणारं रंगीबेरंगी फळांचं ‘सॅलड’ म्हणजे जिलेटिन, मार्शमेलोही तेच. आणि ‘बार्बेक्यू’ म्हणजे आमच्या राज्यात डुकराचं मांस, दुसरं काही नाही. तुम्ही विचाराल, “यात मांस आहे का?” उत्तर येईल, “छे छे, जरासं बेकन आहे, चवीपुरतं.” खोटं बोलत नाहीत, त्यांच्या लेखी बेकन हा मसाला आहे. म्हणून ‘डुकराचं काही, अगदी चवीपुरतंही?’ असं विचारा. भरवशाचं काय, तर मक्याची कणसं, टोमॅटोच्या चकत्या, कलिंगड आणि तुम्ही आणलेलं भांडं.

रांगेची रीत: आधी प्रार्थना, मग पाहुणे, म्हातारी माणसं आणि लहान मुलं. ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत थांबू नका, पाहुण्याने पुढे गेल्याशिवाय रांग हलत नाही. अंड्याचे मसालेदार अर्धे भाग एकेकच घ्या. चहा म्हणून जो मिळतो तो थंडगार आणि आपल्या अमृततुल्यपेक्षा गोड. साखर नको असेल तर ‘अनस्वीट’ म्हणा.

जेवण झाडाखाली असेल तर घड्याळ बघा. मेयोनीज, अंडं, चिकन हे बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि ऊन ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. ‘टाकायचं कशाला’ हा आपला संस्कार इथे एका दिवसापुरता बाजूला ठेवा.

आणि भांड्याच्या तळाला पट्टी चिकटवून नाव लिहा. हे किती महत्त्वाचं ते शेवटी सांगते.

६. मोठ्या मुलांचा कॅम्प

सातवी-आठवीपासूनची मुलं आठवडाभराच्या कॅम्पला जातात. आमच्या राज्यात दोन ठिकाणं नावाजलेली: डोंगरात रिजक्रेस्ट, आणि समुद्रकिनाऱ्यावर ओक आयलंडला कॅस्वेल. कॅस्वेल हा मुळात लष्करी किल्ला. बाप्टिस्टांनी तो १९४९ मध्ये विकत घेतला. माझ्या मुलीने पहिल्यांदा समुद्र पाहिला तो तिथे, तटाच्या भिंतीवर बसून. मुरूड-जंजिऱ्याचे फोटो दाखवायचं माझं राहूनच गेलं होतं.

बरोबर द्यायची कागदपत्रं:

– वैद्यकीय संमतिपत्र. काही ठिकाणी नोटरीसमोर सही लागते, आणि ते बस सुटायच्या सकाळी आठवून उपयोग नाही. नोटरी बँकेत मिळतो
– इन्शुरन्स कार्डाची दोन्ही बाजूंची प्रत
– शेवटच्या टिटॅनसच्या इंजेक्शनची तारीख
– औषधं मूळ बाटलीत, लेबलसकट. मी पुडीत बांधून दिलेलं सितोपलादी चूर्ण कॅम्पच्या नर्सबाईंनी दोन बोटांत धरून उंच उचललं, एवढंच सांगते

पोहण्यासाठी मुलींना एकसंध पोशाख किंवा वर टी-शर्ट, असा नियम बहुधा असतो. फोन बऱ्याच वेळा जमा करून घेतात. पैसे जड जात असतील तर खजिनदाराशी एकट्याने बोला. अशा मुलांसाठी जवळजवळ प्रत्येक चर्च काही रक्कम बाजूला ठेवतं आणि त्याचा बोभाटा करत नाही.

मिशन ट्रिप (चर्चतर्फे सेवाकार्याचा प्रवास) देशातच असेल तर बिनधास्त. देशाबाहेर असेल तर आधी पासपोर्टातला व्हिसा बघा. इथली मुलं अमेरिकन पासपोर्ट खिशात टाकून जातात आणि येतात; आपल्या मुलाच्या व्हिसाचा शिक्का संपलेला असेल तर ते परत येताना अडकू शकतं. नेणाऱ्या तरुण पास्टरांना हे माहीत असण्याचं कारणच नाही.

७. नदीवरचा बाप्तिस्मा

हा टप्पा माझ्यासारख्यांसाठी सगळ्यात अवघड, म्हणून जरा सविस्तर.

मी नगरहून सभासदत्वाचं पत्र आणलं होतं. पास्टरांनी ते आदराने वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, “तुमचा बाप्तिस्मा कधी झाला?” मी म्हटलं, “तीन महिन्यांची असताना.” झालं. बाप्टिस्टांच्या मते बाप्तिस्मा हा समजत्या माणसाने स्वतः विश्वास ठेवून, पूर्ण पाण्याखाली जाऊन घ्यायचा. तान्ह्या बाळाच्या कपाळावर शिंपडलेलं पाणी त्यात मोजत नाहीत. आपली सीएनआय १९७० मध्ये नागपुरात स्थापन झाली तेव्हा तिच्यात बाप्टिस्टही सामील झाले होते आणि तिथे दोन्ही रीती मान्य आहेत. म्हणून आपल्याला हा प्रश्न कधी पडतच नाही. इथे पहिल्या भेटीतच पडतो.

मला राग आला होता. मग वाचताना एक गोष्ट सापडली. १८१२ मध्ये अमेरिकेतून मिशनऱ्यांची पहिली तुकडी दोन जहाजांतून कलकत्त्याला आली. वाटेत त्यांतला एक, ॲडोनिराम जडसन, बायबल उघडून याच प्रश्नावर विचार करत बसला, आणि कलकत्त्यात उतरल्यावर त्याने पुन्हा, पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतला. मागोमाग तुकडीतल्या ल्यूथर राइसनेही. राइसने अमेरिकेत परत जाऊन जो बाप्टिस्ट संघ उभारायला मदत केली, त्यातूनच १८४५ मध्ये सदर्न बाप्टिस्ट फुटून निघाले. तुकडीतले हॉल आणि नॉट मात्र बदलले नाहीत. ते १८१३ मध्ये मुंबईला पोचले, आणि त्यांच्या अमेरिकन मराठी मिशनने पुढे १८३१ मध्ये नगरला ठाणं केलं. म्हणजे मी आणि माझे पास्टर एकाच प्रवासातून फुटलेल्या दोन फांद्या! त्यांना हे सांगितलं तर ते टेबलावर हात मारून हसले. म्हणाले, “मग दोनशे वर्षांनी तरी बुडा.”

मी नाही बुडाले. सभासद न होता जाते. तोटा काय, तर सभासदांच्या बैठकीत मत देता येत नाही आणि काही जबाबदारीची पदं मिळत नाहीत. बाकी स्वयंपाकघर, गायन, आजाऱ्यांना भेटी, सगळं खुलं. प्रत्येक चर्चचा नियम वेगळा, तेव्हा पत्र काढण्याआधी विचारा.

मुलीने मात्र बाराव्या वर्षी स्वतः ठरवलं. नगरला आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर ती म्हणाली, “अगं, मग आम्ही केला तो काय होता? ती झबल्यात होती तरी प्रभू तिथे होताच ना?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, अजून नाही. तुमच्या घरीही हा कॉल होणार, तो आधी करा, नंतर नको.

बहुतेक चर्चमध्ये गायकवृंदाच्या मागे बाप्तिस्म्याची टाकी असते, पण जुलैत हौसेने नदीवर जातात. तयारी अशी: गडद रंगाचे कपडे (पांढरे ओले झाले की पारदर्शक होतात), जुने कॅनव्हासचे बूट, कारण तळाचे गोटे शेवाळलेले, दोन टॉवेल, आणि केस बांधायला रबर. डोंगरातलं पाणी जुलैतही हाडात शिरतं. आमचे पास्टर मासेमारीची रबरी विजार घालून उतरले. मुलीच्या नाकावर घडी घातलेला रुमाल धरला, पाठीला हात दिला, नेमके शब्द म्हटले आणि तिला मागे झुकवलं. एक क्षण पाण्यावर फक्त तिची वेणी तरंगत होती. काठावर कोणीतरी गीत सुरू केलं. मी ओंजळभर पाणी घेतलं आणि काय करावं न कळून तसंच सोडून दिलं.

घरी आल्यावर पोटऱ्या, कानांमागची जागा, केसांची मुळं तपासा. नदीकाठच्या गवतात गोचिडी असतात.

८. ऑगस्ट: होमकमिंग

पूर्वी कापूस-मक्याची शेवटची कोळपणी झाली की कापणीपर्यंत शेतकऱ्याला दोन-चार आठवडे उसंत असायची. तेव्हाच रिव्हायवलच्या (श्रद्धा पुन्हा जागवणाऱ्या) सभा आणि होमकमिंग ठेवत. आता शेतं थोडी उरली, तारखा तशाच राहिल्या. गाव सोडून गेलेले लोक या रविवारी परत येतात. आपल्या गावजत्रेला मुंबईची माणसं येतात तसे. उपासना लांबते, मरण पावलेल्यांची नावं वाचतात, जुने पास्टर प्रवचन करतात. मग बाहेर झाडाखाली लांबच लांब टेबलं. नेहमीची जागा म्हणून कुठल्याही बाकावर बसू नका. त्या दिवशी तो बाक अटलांटाहून आलेल्या कुणाच्या तरी आजोबांचा असतो. कापडी खुर्ची घरून न्या, दुपारी ढग गडगडले की सगळ्यात आधी गाडीकडे पळा.

आणि भांड्याची गोष्ट. माझं एका पॉटलकला नेलेलं मोठं पातेलं, आईने दिलेलं, खाली नाव कोरलेलं, पण मराठीत. ते हरवलं ते हरवलंच. पुढच्या वर्षी होमकमिंगच्या सकाळी फेलोशिप हॉलच्या स्वयंपाकघरात सिंकखालचं कपाट उघडलं, तर भोपळ्याच्या आकाराच्या एका केकच्या साच्यामागे ते उभं. त्यावर पट्टी लावलेली, मोठ्या अक्षरांत: ‘कुणाचं आहे? भाषा वाचता येत नाही.’ तेव्हा पहिलं बघायचं ते सिंकखाली.